कम्युनिटी कॉलेज ते विद्यापीठ : अमेरिकेतील ‘दोन अधिक दोन’ मार्ग कोणासाठी आणि कसा?

अमेरिकेत बारावीनंतर पदवी घेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे थेट चार वर्षांच्या विद्यापीठात प्रवेश. दुसरा म्हणजे पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात शिकून उरलेल्या दोन वर्षांसाठी विद्यापीठात ट्रान्सफर घेणे. पदवी दोन्ही मार्गांनी तीच मिळते आणि तिच्यावर विद्यापीठाचेच नाव असते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ही कल्पना नवीन नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता आपल्या वस्त्यांमधील अनेक मुलामुलींनी धरला आणि ते इंजिनिअर झाले. कम्युनिटी कॉलेजचा मार्ग त्याच जातीचा आहे, फक्त तो इंजिनिअरिंगपुरता मर्यादित नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, नर्सिंग, संगणकशास्त्र, इतिहास अशा बहुतेक सर्व विषयांना तो लागू होतो.

आंबेडकरी समाजात हा विषय सध्या दोन ठिकाणी निघतो. एक, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांमध्ये, जिथे मुले हायस्कूल संपवत आली आहेत. दोन, महाराष्ट्रातील तरुणांमध्ये, ज्यांना ‘कमी खर्चात अमेरिका’ अशी जाहिरात दाखवली जाते. या दोघांसाठी उत्तर वेगवेगळे आहे. म्हणून हा मार्ग नेमका कसा चालतो, कोणाला परवडतो आणि विद्यार्थी कुठे अडकतात, याची माहिती येथे एकत्र दिली आहे. उदाहरण म्हणून कॅलिफोर्निया राज्य घेतले आहे, कारण तेथील व्यवस्था देशात सर्वांत मोठी आहे आणि तिचे नियम सर्वांत स्पष्टपणे लिहिलेले आहेत.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

कम्युनिटी कॉलेज हे सरकारी पैशावर चालणारे, स्थानिक पातळीवरचे दोन वर्षांचे महाविद्यालय असते. त्याचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे खुला प्रवेश. हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तेथे नाव नोंदवता येते. प्रवेश परीक्षा नाही, कट-ऑफ नाही. दिवसा काम करून संध्याकाळी वर्गात बसणारे, मुले सांभाळून शिकणाऱ्या आया, सैन्यातून परत आलेले, चाळिशीत पुन्हा शिक्षण सुरू करणारे असे सगळे एकाच वर्गात असतात.

येथे तीन प्रकारचे शिक्षण चालते. पहिले, नोकरीसाठीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम. दुसरे, ‘असोसिएट’ नावाची दोन वर्षांची पदवी. तिसरे, विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांइतकाच अभ्यास, जो पुढे ट्रान्सफरसाठी मोजला जातो. हे तीन प्रवाह एकाच इमारतीत, कधी एकाच मजल्यावर चालतात. त्यामुळे आपण नेमके कोणत्या प्रवाहात आहोत हे विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून ओळखावे लागते.

हा मार्ग कसा तयार झाला?

अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ती कल्पना होती. घराजवळ राहून विद्यापीठाची पहिली दोन वर्षे पूर्ण करता यावीत, हा हेतू होता. सुरुवातीला तेथे सहा विद्यार्थी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९४४ च्या ‘जी. आय. बिल’ कायद्यामुळे लाखो माजी सैनिक शिक्षणाकडे वळले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने देशभर कम्युनिटी कॉलेजांचे जाळे उभारण्याची शिफारस केली. त्यानंतर १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ स्वीकारला. त्यात तीन पायऱ्या ठरल्या. राज्यातील हायस्कूलच्या वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी आणि बाकी सर्वांना कम्युनिटी कॉलेज. खालच्या पायरीवरून वर जाण्यासाठी ट्रान्सफरचा जिना ठेवण्यात आला.

आज कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातून पदवी घेणाऱ्यांपैकी साधारण तीस टक्के विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतात. म्हणजे हा आडमार्ग नाही, हमरस्ताच आहे.

याला आणखी एक बाजू आहे, जी आरक्षणाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावी. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये ‘प्रपोझिशन २०९’ मंजूर केले आणि सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यास बंदी घातली. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभरच वंशाधारित प्रवेशाला जवळपास पूर्णविराम दिला. आरक्षणासारखी उपाययोजना उरली नसताना वंचित गटांतील मुलांसाठी विद्यापीठात शिरण्याचे जे थोडे दरवाजे शिल्लक राहिले, त्यांत कम्युनिटी कॉलेजचा दरवाजा मोठा आहे.

मेरिट कॉलेज आणि पँथर

आपल्या चळवळीला या कॉलेजांच्या इतिहासातील एक गोष्ट माहीत असायला हवी. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते. त्या ब्लॅक पँथर पक्षाचे संस्थापक ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांची भेट एका कम्युनिटी कॉलेजातच झाली. ते कॉलेज म्हणजे ओकलंड शहरातील आजचे मेरिट कॉलेज. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे कष्टकरी वस्त्यांमधील कृष्णवर्णीय तरुण शिकत होते, वाचत होते, वाद घालत होते. कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात यावा ही मागणी तेथील विद्यार्थ्यांनी लावून धरली. ऑक्टोबर १९६६ मध्ये पक्षाची स्थापना झाली.

न्यूटन यांचा पुढचा शैक्षणिक प्रवास या लेखाच्या विषयाशी थेट जुळतो. मेरिट कॉलेजातून असोसिएट पदवी घेतलेले न्यूटन पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ कॅम्पसमध्ये शिकले. तेथून त्यांनी १९७४ मध्ये पदवी आणि १९८० मध्ये पीएच.डी. मिळवली.

ट्रान्सफर नेमका कसा होतो?

अमेरिकेत अभ्यास ‘युनिट’ किंवा ‘क्रेडिट’मध्ये मोजतात. एक विषय साधारण तीन ते पाच युनिटचा असतो. सेमिस्टर पद्धतीत चार वर्षांच्या पदवीला सुमारे १२० युनिट लागतात. त्यातील ६० कम्युनिटी कॉलेजात आणि ६० विद्यापीठात, असा ‘दोन अधिक दोन’चा हिशेब आहे. काही कॉलेजांत सेमिस्टरऐवजी क्वार्टर पद्धत असते, तेथे ६० च्या जागी ९० युनिट धरतात.

मात्र ६० युनिट झाले म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक युनिटबद्दल तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : हा विषय विद्यापीठ स्वीकारते का? कॉलेजातील काही विषय फक्त तेथील प्रमाणपत्रासाठी असतात. ते पुढे मोजले जात नाहीत.

दुसरा प्रश्न : तो सामान्य शिक्षणाच्या गटात बसतो का? इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, कला, समाजशास्त्रे अशा गटांतून ठरावीक विषय घ्यावेच लागतात. स्टेट युनिव्हर्सिटीसाठी लेखन, भाषण, चिकित्सक विचार आणि गणित हे चार विषय उत्तीर्ण असणे आवश्यक असते. कॅलिफोर्नियात २०२५ च्या शैक्षणिक वर्षापासून दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांसाठी ‘कॅल-जेटसी’ नावाची एकच यादी लागू झाली आहे.

तिसरा प्रश्न : मुख्य विषयाच्या पूर्वअटी पूर्ण होतात का? संगणकशास्त्र किंवा जीवशास्त्रासारख्या विषयांत सर्वाधिक विद्यार्थी येथेच अडकतात. सामान्य शिक्षण पूर्ण असते, पण कॅल्क्युलस किंवा रसायनशास्त्राची साखळी अर्धवट राहिलेली असते. मग ट्रान्सफर मिळूनही पदवीला एक-दोन वर्षे जास्त लागतात.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. आपले कॉलेज, हवे असलेले विद्यापीठ आणि मुख्य विषय निवडला की कोणता विषय कोणत्या विषयाच्या बरोबरीचा धरला जातो त्याची यादी समोर येते. ही यादी पहिल्या सेमिस्टरमध्येच काढून जवळ ठेवावी.

प्रवेशाची खात्री देणाऱ्या दोन सोयी महत्त्वाच्या आहेत.

एक, ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’. २०१० च्या कायद्याने सुरू झालेली ही खास असोसिएट पदवी घेतली आणि अटी पूर्ण केल्या, तर स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत कुठेतरी जागा मिळण्याची हमी असते. हव्या त्याच कॅम्पसची हमी मात्र नसते.

दोन, ‘टॅग’ म्हणजे ट्रान्सफर प्रवेशाचा हमी करार. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस हा करार करतात : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांताक्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो येथे तो नाही. एका वेळी एकाच कॅम्पसशी करार करता येतो. प्रत्येक कॅम्पस आणि विषयासाठी गुणांची अट वेगळी असते. काही विषय करारातून वगळलेले असतात.

गुणांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्सफरसाठी किमान सरासरी राज्यातील रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८ लागते, चारपैकी. हा फक्त अर्ज करण्याचा उंबरठा आहे. बर्कली किंवा लॉस एंजेलिसच्या मागणी असलेल्या विषयांत निवड होणाऱ्यांचे गुण यापेक्षा खूप वर असतात.

इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. फ्लोरिडात असोसिएट ऑफ आर्ट्स पदवीधारकाला राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेत प्रवेशाची हमी आहे. काही राज्यांत मात्र प्रत्येक कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात स्वतंत्र करार असतात. खासगी विद्यापीठेही ट्रान्सफर घेतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथे १९४७ पासून ‘स्कूल ऑफ जनरल स्टडीज’ आहे. शिक्षणात खंड पडलेल्या आणि वेगळ्या वाटेने आलेल्या विद्यार्थ्यांना ते पदवीसाठी प्रवेश देते, त्यांत कम्युनिटी कॉलेजातून आलेलेही असतात. फी मात्र कोलंबियाची लागते.

दोन वर्षांचे वेळापत्रक

पहिले सेमिस्टर : कॉलेजातील समुपदेशकाची वेळ घेऊन लेखी शैक्षणिक आराखडा तयार करावा. इंग्रजी आणि गणित लगेच सुरू करावे, पुढे ढकलू नये.

दुसरे सेमिस्टर : दोन-तीन विद्यापीठे आणि मुख्य विषय निश्चित करावेत. प्राध्यापकांशी ओळख वाढवावी, पुढे शिफारसपत्रे त्यांच्याकडूनच घ्यायची असतात.

दुसऱ्या वर्षाचा सप्टेंबर : टॅग करारासाठी अर्ज. ही खिडकी एक महिनाच उघडी असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांचे मुख्य अर्ज. नेमकी अंतिम तारीख त्या वर्षीच्या सूचनेत पाहावी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात स्वतःबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात. आपल्या वस्तीत केलेले काम, विहारातील अभ्यासिका, घरासाठी केलेली नोकरी, हे सगळे तेथे सांगण्यासारखे असते.

जानेवारी : पहिल्या सहामाहीचे गुण अर्जात भरून द्यावे लागतात. हे विसरल्यास अर्ज अडचणीत येतो.

एप्रिल ते जून : निकाल आणि होकार. शेवटच्या सेमिस्टरमध्ये एखादा विषय सोडला किंवा नापास झाला, तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

खर्च : स्वस्त कोणासाठी?

कॅलिफोर्नियातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात प्रति युनिट ४६ डॉलर फी आहे. वर्षाला ३० युनिट घेतले तर १,३८० डॉलर होतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ही फीसुद्धा माफ होते. त्याच रहिवाशाला स्टेट युनिव्हर्सिटीत २०२५-२६ साठी मूळ शिक्षण शुल्क ६,४५० डॉलर आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ते सुमारे १४ ते १५ हजार डॉलर पडते. पहिली दोन वर्षे घरी राहून काढली, तर वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्चही वाचतो. अमेरिकेत हा खर्च अनेकदा फीपेक्षा जास्त असतो.

नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या कुटुंबांनी केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा ‘फाफ्सा’ अर्ज दरवर्षी भरावा. उत्पन्न बरे आहे म्हणून अर्जच न भरणे ही सर्रास होणारी चूक आहे. हुशार आणि गरजू ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी जॅक केंट कूक फाउंडेशनसारख्या संस्थांच्या मोठ्या शिष्यवृत्त्याही आहेत.

एच-४ व्हिसावरील मुलांनी वेगळी काळजी घ्यावी. त्यांना कॅलिफोर्नियात अटी पूर्ण केल्यावर रहिवाशाची फी लागू शकते, पण केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही. वयाच्या २१ व्या वर्षी एच-४ संपतो आणि बहुधा एफ-१ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. तेव्हा फीचा वर्गही बदलू शकतो. ट्रान्सफर साधारण विसाव्या-एकविसाव्या वर्षी होतो, म्हणून या कुटुंबांनी हा हिशेब हायस्कूलमध्येच करावा.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी

४६ डॉलर हा आकडा जाहिरातींत दिसतो. तो महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्याचा नाही. बाहेरून आलेल्याला त्याच वर्गात प्रति युनिट ३०० डॉलरहून जास्त, कित्येक कॉलेजांत ४०० च्या आसपास मोजावे लागतात. राहणे, जेवण, आरोग्य विमा धरून पहिल्या वर्षाचा खर्च तीस हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. ट्रान्सफरनंतर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात गेल्यास मूळ शुल्कावर बाहेरच्यांसाठीचे आणखी ३० हजार डॉलरहून जास्त शुल्क दरवर्षी द्यावे लागते. पहिली दोन वर्षे तुलनेने स्वस्त आणि शेवटची दोन अत्यंत महाग, असा हा प्रकार आहे. एजंट बहुधा पहिल्या दोन वर्षांचेच गणित मांडतो.

दुसरी महत्त्वाची बाब शिष्यवृत्तीची. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे. परंतु या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहेत. परदेशातील पहिल्या पदवीसाठी त्या मिळत नाहीत आणि कम्युनिटी कॉलेजसाठी तर मुळीच नाही. ‘आधी जा, मग शिष्यवृत्ती बघू’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

व्हिसाचे मुख्य नियम असे आहेत. कम्युनिटी कॉलेजही ‘आय-२०’ देऊ शकते, पण त्यासाठी किमान एका वर्षाच्या खर्चाइतका पैसा दाखवावा लागतो. प्रत्येक सत्रात किमान १२ युनिट घ्यावे लागतात. त्याखाली गेल्यास व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. सत्र सुरू असताना कॅम्पसवरच आणि आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. या कमाईतून फी भरून निघत नाही. बाहेर दुकानात किंवा हॉटेलात रोखीने काम करणे बेकायदा आहे आणि पकडले गेल्यास शिक्षण तिथेच थांबते. ट्रान्सफरच्या वेळी विद्यार्थ्याची नोंद जुन्या कॉलेजकडून नव्या विद्यापीठाकडे पाठवली जाते आणि नवा आय-२० मिळतो.

आणखी एक धोका आहे. पैसे संपले आणि विद्यार्थी असोसिएट पदवीवरच परत आला, तर भारतात ती पदवीधर होण्याच्या बरोबरीची धरली जात नाही. स्पर्धा परीक्षा, बी.एड., एम.ए. यांना लागणारी पदवी त्याच्या हातात नसते. जमीन विकून किंवा कर्ज काढून पाठवणाऱ्या कुटुंबाने हा शेवट आधीच समजून घेतला पाहिजे.

म्हणून ज्या कुटुंबाकडे चारही वर्षांची खर्चाची सोय नाही, त्यांच्या मुलांसाठी जास्त सुरक्षित मार्ग असा : पहिली पदवी भारतात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फी सवलत घेऊन पूर्ण करावी. त्याच काळात इंग्रजी आणि संशोधनाची तयारी करावी. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेश शिष्यवृत्तीवर जावे. बाबासाहेबही एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. होऊन, बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले होते.

गळती कुठे होते?

ज्यांच्यासाठी हा मार्ग खरोखर परवडणारा आहे, त्यांनाही तो आपोआप विद्यापीठात नेऊन सोडत नाही. कम्युनिटी कॉलेजात नाव घालणाऱ्यांपैकी मोठ्या बहुसंख्यांची इच्छा पदवीधर होण्याची असते. प्रत्यक्षात अमेरिकाभरात साधारण एक-तृतीयांश विद्यार्थी विद्यापीठात ट्रान्सफर घेतात आणि सहा वर्षांत पदवी घेणारे सुमारे १६ टक्केच असतात. कृष्णवर्णीय आणि गरीब विद्यार्थ्यांत हे प्रमाण आणखी खाली आहे.

याची कारणे अनेक आहेत. नोकरी आणि घरची जबाबदारी हे मोठे कारण आहे. पण व्यवस्थेतील कारणेही तितकीच खरी आहेत. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार सर्व प्रकारच्या कॉलेजांत मिळून ट्रान्सफर घेणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जात होते. म्हणजे अभ्यास केला, फी भरली, पास झाले आणि तरीही नव्या विद्यापीठाने ते मोजले नाही. हजारो विद्यार्थ्यांमागे मोजके समुपदेशक असतात. चुकीचा विषय घेतला हे दीड वर्षाने कळते.

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच यावर बोट ठेवले होते. कॅलिफोर्नियातील एका कॉलेजचा अभ्यास करून त्यांनी मांडले की, खुला प्रवेश देणारी ही कॉलेजे विद्यार्थ्यांच्या आकांक्षा हळूहळू थंड करण्याचेही काम करतात. कोणी ‘तुला जमणार नाही’ असे तोंडावर म्हणत नाही. पूर्वतयारीचे वर्ग, चाचण्या आणि सल्ले यांतून विद्यार्थी स्वतःच मोठे स्वप्न सोडून छोट्या अभ्यासक्रमाकडे वळतो आणि अपयश आपलेच आहे असे मानतो. ही प्रक्रिया आपल्याला अनोळखी नाही. ‘तू आयटीआय कर, तुला हेच बरे’ हा सल्ला आपल्या किती पिढ्यांनी ऐकला आहे!

या टीकेचा परिणामही झाला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून विद्यार्थ्यांना विनाकारण पूर्वतयारीच्या वर्गांत अडकवण्यावर मर्यादा आणली. आता बहुतेकांना थेट ट्रान्सफरसाठी मोजल्या जाणाऱ्या इंग्रजी आणि गणिताच्या वर्गात बसता येते. हा बदल अभ्यासक, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी लावून धरल्यामुळे झाला.

ट्रान्सफर झाल्यावर पहिल्या सत्रात गुण घसरणे हेही नेहमीचे आहे. वर्ग मोठे, गती जास्त, ओळखी नाहीत. बहुतेक विद्यार्थी पुढच्या सत्रांत सावरतात. ही घसरण म्हणजे आपली लायकी नाही याचा पुरावा नव्हे, हे आधीच माहीत असले तर मूल खचत नाही.

कॅम्पसवरील जात

अमेरिकेत गेले की जात मागे राहते, असा समज टिकणारा नाही. विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांनंतर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसने त्याआधी २०२१ मध्ये तसे केले होते. राज्यभर लागू होणारे जातिभेदविरोधी विधेयक २०२३ मध्ये विधिमंडळात मंजूर झाले, पण राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला. म्हणून ट्रान्सफरसाठी विद्यापीठ निवडताना तेथील धोरणात जातीचा उल्लेख आहे का आणि तक्रार कोणाकडे करायची, हेही पाहून ठेवावे.

संघटना आणि विहारांनी काय करावे?

वर दिलेली जवळपास सगळी माहिती मोफत उपलब्ध आहे. तरीही ती ज्या घरात आधीच कोणी शिकलेले आहे, त्याच घरात वेळेवर पोचते. शिकलेला काका, विद्यापीठात नोकरी करणारी आत्या, आधी ट्रान्सफर घेतलेला भाऊ हे वरच्या वर्गाचे न दिसणारे भांडवल आहे. आपल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याकडे तेच नसते. ही उणीव संघटना भरून काढू शकतात.

अमेरिकेत आंबेडकर इंटरनॅशनल मिशन, आंबेडकर असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका, आंबेडकर किंग स्टडी सर्कल अशा संघटना आहेत. जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांना कुटुंबे एकत्र येतात. त्याच दिवशी तासाभराचे एक सत्र ठेवता येईल, ज्यात ट्रान्सफर झालेले विद्यार्थी आपला विषयवार आराखडा दाखवतील. ऑगस्टमध्ये टॅग आणि फाफ्साची आठवण करून देणे, अर्जातील उत्तरे वाचून सूचना देणे, नव्या शहरात पहिल्या महिन्यासाठी घर शोधायला मदत करणे, या कामांना निधी लागत नाही.

महाराष्ट्रात विहारातील अभ्यासिका आणि विद्यार्थी संघटनांनी दुसरे काम करावे. परदेशी शिक्षणाची जाहिरात घेऊन येणाऱ्या प्रत्येक कुटुंबासोबत चार वर्षांचा पूर्ण खर्च कागदावर मांडावा. आय-२० वर छापलेला खर्चाचा आकडा वाचून दाखवावा. आणि ज्याला तो झेपणार नाही, त्याला पदव्युत्तर शिष्यवृत्तीची तारीख आणि अटी आजच लिहून द्याव्यात.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. कष्टकरी विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणे कॉलेजचे वेळापत्रक बदलले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. कम्युनिटी कॉलेजचे चांगले अंग तेच आहे. पण सिद्धार्थमध्ये आत आलेला विद्यार्थी तिथेच पदवीधर होऊन बाहेर पडत असे. कम्युनिटी कॉलेजात आत आल्यावर दोन वर्षांनी आणखी एक दार ओलांडावे लागते. त्या दुसऱ्या दाराची तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते आणि ती एकट्याने करण्यापेक्षा आधी पुढे गेलेल्याने मागच्याला सांगितली तर सोपी जाते.